न चाखलेली बिअर

देशाचं सर्वोच्च पद ज्या घरात राहतं, त्या घराच्या तळघरात मी सहा वर्षं केक भाजले. हे सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "मग भेट झाली का?" नाही झाली. दोनदा लांबून दर्शन झालं, तेही पाठमोरं. आम्हा खालच्यांसाठी ते घर म्हणजे एक लांबच लांब कॉरिडॉर, पांढऱ्या टाइल्स आणि 'वर' हा एक शब्द. ट्रे वर जायचे, रिकामे होऊन खाली यायचे. एखादा टार्ट अर्धवट परत आला की आमचा शेफ दिवसभर तोंड पाडून बसायचा.

माझ्या बाबांना या तपशिलांशी देणंघेणं नव्हतं. ते मूळचे नागपूरकडच्या एका खेड्यातले, बर्मिंगहॅमच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर, आता रिटायर्ड. आई गेल्यापासून घरात एकटे. ज्या माणसाला लहानपणी विहिरीवर ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यावं लागलं, त्याची लेक राष्ट्रप्रमुखाच्या स्वयंपाकघरात काम करते, याचा अभिमान त्यांनी लपवला नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही ते दोन स्टॉपच्या आत सांगून मोकळे होत.

बाबा आमच्या विहाराचे सेक्रेटरी होते. विहार म्हणजे दर रविवारी भाड्याने घेतलेला कम्युनिटी हॉल. तिथे आधी त्रिसरण, मग पंचशील. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं, आणि आमच्या लोकांसाठी ते नुसतं तोंडाने म्हणायचं शील नाही. आजीने दीक्षा घेतली तेव्हाच्या प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती. आमच्या घरात खोकल्याच्या औषधाचंसुद्धा लेबल वाचलं जायचं.

आता माझं बघा. ख्रिसमसच्या पुडिंगवर मी बाटलीभर ब्रँडी ओतायची, पण चमचा तोंडाला लावायची नाही. चव बघायचं काम दुसऱ्याला सांगायची. मनाशी एक वाक्य पक्कं करून ठेवलं होतं: मी बनवते, पीत नाही. या वाक्यावर माझी गाडी इतकी वर्षं सुरळीत चालली होती की, ते तपासून पाहावं असं कधी वाटलंच नाही.

बिअरची कल्पना बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाची. यॉर्कशायरचा, साठीला आलेला, बोलायला फटकळ, मनाने लोण्यासारखा. आपल्या घरामागच्या शेडमध्ये त्याने उभी हयात बिअर केली होती. पॅलेसच्या बागेच्या टोकाला मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि त्यांचा मध माझ्या पेस्ट्री किचनमध्ये यायचा. एकदा चहा पिताना तो म्हणाला, या मधाची बिअर झाली पाहिजे. ऑफिसातून रीतसर परवानगी आली, आणि बॉयलर रूमशेजारच्या उबदार खोलीत आमचा कारखाना सुरू झाला. मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात भिजवायची, गाळायची, हॉप्सची कडवट फुलं घालून तासभर उकळायची, निवल्यावर मध आणि यीस्ट घालून झाकणाच्या मोठ्या बादलीत आंबायला ठेवायची. झाकणावरच्या नळीतून बुडबुडे यायला लागले की आम्ही दोघं बारसं झाल्यासारखे खूश.

मला त्या कामाची गोडी लागली, हे कबूल करते. केक तासाभरात काय तो निकाल देतो. बिअर पंधरा दिवस वाट बघायला लावते. पहिली खेप सप्टेंबरात झाली आणि स्टाफने दोन दिवसांत संपवली. मी अर्थातच चाखली नाही. बॉयलरवाला म्हणाला, "तू मोठी अजब ब्रुअर आहेस. बाटलीत भरण्याआधी जीभ लावायचीच. गोड लागली तर साखर अजून शिल्लक आहे, थांबायचं. मोजायचं यंत्र नंतर, जीभ आधी." मोजायची काचेची नळी तशीही आमच्या हातून फुटली होती. मी म्हटलं, "जीभ तुझी, बाकी सगळं माझं."

दुसरी खेप ख्रिसमससाठी. ती बाटल्यांत भरायच्या दिवशी त्याची कंबर धरली आणि तो घरी राहिला. त्याआधी दोन दिवस सर्व्हिसिंगसाठी बॉयलर बंद होते, खोली गार पडली होती. बुडबुडे थांबले होते. मला वाटलं, झालं काम. खरं तर गारठ्यानं यीस्ट नुसतं झोपलं होतं. एक चमचा जिभेवर ठेवला असता तर गोडव्याने लगेच कळलं असतं. चमचा हातात घेतला होता, खोटं कशाला सांगू. मग धुऊन जागेवर ठेवला आणि स्वतःवरच खूश झाले. फेस यावा म्हणून घालायची ठरलेली साखर घातली आणि चिनी मातीच्या बुचाच्या, तारेने दाबून बंद करायच्या बाटल्या भरल्या. लेबलावर मीच मधमाशी काढली. बिअर असं कुठेही लिहिलं नाही. म्हटलं, मधमाशीच शोभून दिसते.

स्टाफच्या ख्रिसमस बॉक्समध्ये प्रत्येकाला एक बाटली मिळाली. मी बॉक्स घेऊन बर्मिंगहॅमला गेले. बाटली आधीच कुणाला तरी देऊन टाकायची ठरवलं होतं, पण बाबांनी दारातच बॉक्स हातातून घेतला आणि उघडला.

"हे काय गं?"

"आमच्या पॅलेसच्या हनीचं ड्रिंक आहे, बाबा. मीच केलंय. उघडू नका, नुसतं ठेवा."

एवढं खरं बोलून खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांना बाटलीवरून शंका यावी तर त्यांनी आयुष्यात तसली बाटली हातात धरली नव्हती. कारखान्यातली माणसं शुक्रवारी पबमध्ये जायची तेव्हा हे घरी यायचे. त्यांनी बाटली फडक्याने पुसली आणि हॉलमधल्या गॅस फायरच्या, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीच्या, वरच्या फळीवर, आईच्या फोटोशेजारी ठेवली. खाली त्यांची खुर्ची. विहारातली माणसं येऊन बघून गेली. मी चार दिवस ती मधमाशी बघत जेवले आणि परत आले.

जानेवारीत एका सकाळी बॉयलर रूमशेजारच्या खोलीतून धडाका ऐकू आला. मग लागोपाठ दोन. धावत गेले तर बॉयलरवाला दारात उभा, हातावर काचेने पडलेली लांब चीर, रक्त कोपरापर्यंत आलेलं. बॉयलर पुन्हा पूर्ण जोरात चालू होते, खोली तापली होती, झोपलेलं यीस्ट जागं होऊन बाटल्यांत गॅस कोंडला होता आणि उरलेल्या बाटल्या फुटत होत्या.

"भरताना चाखली होतीस?" त्याने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. तो रागावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तो फक्त म्हणाला, "वाटलेल्या सगळ्यांना कळवायला हवं. आत्ता." बाकीच्यांनी ख्रिसमसलाच पिऊन टाकल्या असणार. न पिणारं घर एकच होतं. गॅस फायर, वर फळी, खाली खुर्ची.

फोन बाबांनीच उचलला.

"बाबा, ती बॉटल कुठेय?"

"इथंच, माझ्या डोक्यावर. कालपासून जरा फुसफुस करून राहिली होती. बूच लूज असंल म्हणून मी वायर लावून टाइट केलं. आता आवाज नाही."

तीस वर्षांचा फिटर. त्याने बांधलेली तार सुटणार नव्हती.

"बाबा, आधी किचनमध्ये जा. फोन घेऊन जा. त्या रूममध्ये थांबू नका, प्लीज."

"काहून? झालं काय?"

"ती बिअर आहे, बाबा. मी केलेली बिअर. प्रेशर चढलंय, बॉटल फुटेल. इथे फुटल्यात, एकाला लागलंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं, किचनचं दार. मी म्हणत होते, कुणाला तरी बोलवा, तुम्ही हात लावू नका. ते म्हणाले, "कोणाला बोलवू? विहारातल्या लोकायले?" आणि फोन ओट्यावर ठेवला. मला सगळं ऐकू येत होतं. जिन्याखालचं कपाट उघडलं. तिथे त्यांचा कारखान्यातला गॉगल आणि चामड्याचे हातमोजे होते, हे मला ठाऊक होतं. मागचं दार उघडलं. मग बराच वेळ काहीच नाही. त्या वेळात मी कुठलीही प्रार्थना केली नाही, नुसती 'बाबा, बाबा' म्हणत राहिले. पेस्ट्री किचनमधल्या मुली काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

ते परत आले. "गोधडीत गुंडाळून गार्डनमध्ये ठेवली. वर बकेट, बकेटवर वीट. बाहेर फ्रॉस्ट आहे, थंड होईल." आवाज एखाद्या नटबोल्टाबद्दल बोलावं तसा होता. मग त्यांनी विचारलं, "तू चाखली नव्हती?"

"नाही बाबा. मी बनवते फक्त. पीत नाही."

"माझी मायही पीत नव्हती," बाबा म्हणाले.

हे मी कधी ऐकलं नव्हतं. आजी मोहाची दारू गाळायची. गावात तिच्या हातची दारू नावाजलेली होती आणि चार पोटं त्यावर भरत होती. तिने स्वतः थेंब कधी तोंडात घेतला नाही, आणि कोणी काही बोललं की हेच म्हणायची, मी कुठे पिते? तिचा सख्खा भाऊ तिच्याच हातची पिऊन मेला. दीक्षा घेऊन आली त्या दिवशी तिने अंगणात सगळी मडकी फोडली. पुढचा उन्हाळा घरात एक वेळच चूल पेटली.

"शील मोडायचं तं पूर्ण मोड, पोरी," बाबा म्हणाले. "मी तुला हाकलणार नाही. पाळायचं तं पूर्ण पाळ. हे अर्धं अर्धं नको. एक चमचा चाखली असती, तं त्या माणसाचा हात चिरला नसता." आणि फोन ठेवला.

त्यांनी आपल्या डोक्यावरच्या बाटलीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि भीती वाटली की आता हा माणूस माझ्याबद्दल बसमध्ये कुणाला काही सांगणार नाही.

त्या रविवारी मी घरी गेले. बाबा विशेष बोलले नाहीत, पण विहाराच्या हॉलला निघताना कोट घालून माझ्यासाठी दारात थांबले. वंदनेआधी कुणीतरी विचारलंच, "सेक्रेटरीसाहेब, पॅलेसची बाटली फळीवर दिसत नाही?" मी जमिनीकडे बघितलं. बाबा उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती दारू होती. माझ्या मुलीनं केलेली, अन् मी माझ्या घरात सजवून ठेवलेली. आम्हाला दोघांनाही चूक कळली. मी ओतून दिली." एका आजीबाईंनी माझ्याकडे बघून हळूच नजर काढून घेतली. बाबा माझ्याकडे वळले. "आज पंचशील तू सांग."

मी पुढे गेले. चार शीलं म्हटली, लोकांनी मागून म्हटली. पाचव्याला मी अडले. शब्द तोंडपाठ होते, चार वर्षांची असल्यापासून. येत नव्हते. कुणीतरी मागून सुरुवात करून द्यायला लागलं, तर बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. हात जोडून, डोळे मिटून ते उभे राहिले, आणि त्यांच्यामागे सगळा हॉल, कुणी खोकलंसुद्धा नाही. मी म्हणेपर्यंत ते सगळे माझ्यासाठी थांबले.