महादूने दोर का कापले

घिवली या मच्छीमार गावातल्या रत्नाबाईला एखादी गोष्ट कळली नाही, की ती कळेपर्यंत तिच्या जिवाला चैन नसे. बोईसरच्या वसाहतीत तीस वर्षं मासळी विकता विकता तिने गिऱ्हाइकांना काय काय विचारून घेतलं होतं. यंदा तिच्या डोक्यात युद्ध शिरलं. टीव्हीवर रोज त्याच बातम्या, आणि कुठला तरी पुढारी म्हणतोय, अणुबॉम्ब टाकीन.

तिचं एक गिऱ्हाईक ज्ञानेश्वरी, सोलापूरकडची, वीजप्रकल्पात इंजिनिअर. तिच्या दारात बोंबील साफ करताना रत्नाबाईने विचारलं, "ताई, टाकला तर आपणबी वाचणार नाय, हे त्याला ठाऊक नसेल?"

"असतं की मावशी. पण माणूस हरायला लागला, खुर्ची जायची वेळ आली, की वाटतं, एकच टाकू, समोरचा भिऊन थांबेल. शिवाय आपण नाही टाकला तर आधी तोच टाकेल, ही धास्ती."

"आन् थांबला नाय तर?"

"तर तोही टाकणार. मग दोघांचंही काही उरत नाही."

घरी येताना रत्नाबाईला गावातला महादू आठवला. वीस वर्षांपूर्वी समुद्रात जाळी बांधायचे खुंट कुणी कुठे ठोकायचे, यावरून शेजारच्या गावाशी वाद पेटला होता. महादू तेव्हा गावाचा म्होरक्या. एके दिवशी त्याने होडी काढली आणि त्यांच्या अकरा जाळ्यांचे दोर कापले. आठवड्याभरात त्यांनी घिवलीच्या जाळ्यांचे कापले. वाहती जाळी होड्यांच्या पंख्यांत गुंतली. त्या हंगामात दोन्ही गावांत मासळी वाळवायच्या परातणी रिकाम्या राहिल्या. पण महादूला 'का' म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

ती तडक त्याच्या अंगणात गेली. महादू आता ऐंशीचा. "दादा, तेव्हा दोर का कापले तुमी?"

तो रागावला नाही.

"आपला एकेक खुंट ते रोज उपटत होते. वाटलं, एकदा अद्दल घडली की गप बसतील. आन् आपण नाय कापले तर उद्या तेच कापणार, असंबी कुणी सांगत होतं."

"खरं होतं ते?"

"काय ठाऊक. विचारायला कोण गेलं?"

"आपलीबी जाळी जातील, हे सुचलं नाय?"

"सुचलं. पण किनाऱ्यावर सगळा गाव उभा होता. तसाच परतलो असतो तर मला कुणी म्होरक्या म्हटलं असतं? तूबी होतीस की रत्ना. 'काप, काप' ओरडत होतीस."

रत्नाबाई हे पार विसरली होती. ती तिथेच पायरीवर टेकली.

"एखादी तरी 'नको' म्हणाली असती, तर तुमी थांबला असता?"

"रागात होतो. काय सांगू?" महादू म्हणाला. "पण मागं फिरायला निमित्त मिळालं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं, स्वतःच्या ओरडण्यासकट, ज्ञानेश्वरीला सांगितलं. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "ताई, त्या मोठ्या पुढाऱ्यांना मागं फिरायला असं निमित्त कोण देतं?"