कमरेवरचा हात

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत भीमराव सोनकांबळे यांना खुर्चीत रेलून बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस दुधाची पिशवी आणायला निघाला, तरी झेंडावंदनाला निघाल्यासारखा ताठ. रोज सकाळी गच्चीवर त्यांचा योगाचा वर्ग असे. फुकट असल्यामुळे मंडळी वेळेवर येत, आणि फुकट असूनही नावं ठेवत.

भीमराव वर्गाकडे पाठ करून शिकवत. समोरासमोर उभं राहिलं की डाव्या-उजव्याचा घोळ होतो. पाठ केली की मागच्यांनी नुसती नक्कल करायची. याचा आणखी एक फायदा होता. पुढे वाकताना त्यांचा चेहरा कसा पिळवटतो, ते कुणाला दिसत नसे.

कारण दिवाळीपासून त्यांची कंबर धरली होती. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. घरात प्रेमलाबाईंना हे अर्धंमुर्धं ठाऊक, बाहेर कोणालाच नाही. योगशिक्षकाची कंबर दुखते म्हणजे टकल्याने केस वाढवायचं तेल विकण्यासारखं. आणि हे वाक्य सोसायटीत पहिल्यांदा कोण उच्चारेल, तेही त्यांना नावानिशी माहीत होतं. साठी उलटलेल्या माणसाकडे बघून चाळिशीतली माणसं तोंडात बोट घालतात. ते सुख सोडवत नव्हतं.

मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं आणि वर्ग खाली क्लब हाउसमध्ये आला. तिथे समोर काचेची मोठी दारं. भीमराव नेहमीप्रमाणे पादहस्तासनात वाकले, सावकाश वर आले, आणि काचेत बघतात तर काय, मागे सगळ्यांचा उजवा हात कमरेवर. डावा तेवढा पायाकडे. आणि वर येताना सगळ्यांच्या तोंडून एकसुरात, "हुं."

त्यांची कानशिलं तापली. चारचौघांत आपली टिंगल चालली आहे, असंच त्यांना वाटलं. वर्ग संपल्यावर त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या तनुजाला थांबवलं.

"हे कमरेवर हात ठेवायचं काय नाटक आहे?"

"नाटक?" तनुजा गोंधळली. "सर, तुम्हीच तर दाखवता. मी लोणी काळभोरला सासूबाईंनाही शिकवलं. त्या म्हणाल्या, वाकायचं काय जमत न्हाय, पण त्या हुंकारानं लय हलकं वाटतंय. त्यांनी भजनी मंडळातल्या बायकांनाही शिकवलं म्हणे."

भीमराव घरी आले. प्रेमलाबाई पोह्यांना फोडणी देत होत्या. सगळं ऐकून त्यांनी गॅस बारीक केला.

"अहो, तुम्ही घरात कण्हता तेव्हा मी विचारलं, तर म्हणता काही नाही. आता अख्खी सोसायटी कण्हतेय. लोणी काळभोरसुद्धा."

"हसू नका."

"हसत नाहीये. दुखतं हे सांगायला काय जातं तुमचं?"

काय जात होतं, याचा विचार करत भीमराव दिवसभर बाल्कनीत बसून राहिले. ऑफिसात फायलींवर वाकून मान आखडली, तेव्हा त्यांनी योग सुरू केला होता. पहाटे एकट्याने सतरंजीवर बसायचं. बघायला कुणी नाही, वाहवा करायला कुणी नाही. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच. त्या वेळी जे निवांत वाटायचं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही मिळावं म्हणून वर्ग काढला. खरंच म्हणूनच काढला होता. मग मधेच कधीतरी, नेमकं कधी ते सापडेना, आपण आसन शिकवायचं सोडून स्वतःला दाखवायला लागलो. आणि लोक बिचारे इतके प्रामाणिक, की दाखवलं त्यातलं दुखणंसुद्धा शिकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लब हाउसमधली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि वर्गाकडे तोंड करून बसले.

"कमरेवर हात ठेवायचा नसतो," ते म्हणाले. "तो हात माझ्या दुखण्याचा आहे. मला आता पुरतं वाकता येत नाही. तुम्हाला दुसरे शिक्षक हवे असतील तर बघा."

मग मागून सुशीलाबाई म्हणाल्या, "इतके दिवस बोलला नाहीत होय? तुम्ही एवढे ताठ, म्हणून मी माझ्या गुडघ्याचं तोंडातून काढलं नाही. वज्रासनात जीव जातो माझा."

"माझा खांदा," शौनक पुटपुटला. वय तिशीचं, काम दिवसभर लॅपटॉपवर.

मग काय, सोसायटीच्या सभेत जे कधी घडलं नाही ते घडलं. प्रत्येकजण स्वतःच्या दुखण्याबद्दल खरं बोलला. वर्ग उशिरा सुरू झाला. सुशीलाबाईंसाठी आणखी एक खुर्ची आली.

भीमराव समोर बसून सांगत होते, त्यामुळे उजवा म्हटलं की निम्मे लोक डावा हात वर करत होते. कुणी गुडघ्यापर्यंत वाकलं, कुणी मांडीपर्यंत. एकासारखा दुसरा दिसेना. चार दिवसांपूर्वी असला वर्ग बघून त्यांनी डोक्याला हात लावला असता.

"सर, मी चुकतेय का?" तनुजाने वाकल्या वाकल्या विचारलं.

भीमरावांनी पहिल्यांदाच तिचा वाकलेला चेहरा नीट पाहिला.

"तोंड पिळवटतंय तुझं," ते म्हणाले. "थोडी वर ये. आता श्वास सोड."