हिरवा दोरा मोडेमचा

आमच्या नातेवाइकांत एक विनोद पंचवीसेक वर्षं चालत आला आहे. लग्नघरात मिक्सर बंद पडला किंवा कुणाचा फोन चार्ज होईना, की कुणीतरी माझ्या मुलीकडे बघून म्हणतं, "हिला तेवढा दोरा बांधायला सांगू नका हं!" सगळे हसतात, तीही हसते. मीही हसत आलो. त्या विनोदामागची गोष्ट खोटी आहे आणि ती खोटी मी ठेवली. खरं काय झालं ते आता लिहितो.

मी कुंभकोणमच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. घरात आमची मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. पुण्याकडचं कुणी आलं तर आमच्या जुन्या बोलीला हसतं, म्हणून घरचं बोलणंही इथे पुस्तकी मराठीत उतरवतो आहे.

ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीत विजेची कुठलीही वस्तू माझ्या सल्ल्याशिवाय येत नसे. तेव्हा ट्रान्झिस्टरचे सेल लवकर संपत, म्हणून लोक भिंतीत खोचायचा काळा ठोकळा घेत. त्याला आम्ही एलिमिनेटर म्हणत असू. पुढे त्याचंच नाव अ‍ॅडॉप्टर झालं. तो निवडायची माझी रीत ठरलेली होती. दोन ठोकळे दोन तळहातांवर घेऊन तोलायचे. जो जड, त्यात तांबं जास्त, तो घ्यायचा. मग वायर जिथे ठोकळ्यातून बाहेर पडते तिथे वाकवून बघायची, कारण ती तुटते ती तिथेच. तळ्याजवळच्या दुकानातला माणूस मला बघितलं की हसून म्हणे, "वजनकाटा आला."

या कौतुकाची मला सवय लागली होती. त्यात माझे थोरले बंधू मद्रासेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि माझ्या नोकरीला "काचेच्या नळ्या धुणं" म्हणत. पण त्यांच्या घरी टीव्ही घ्यायचा झाला तेव्हा ट्रंक कॉल मलाच आला होता. त्या एका विषयात त्यांनी मला मोठं मानलं होतं.

मुलगी सहावीत असताना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घ्यायचा ठरला. दुकानात मी अ‍ॅडॉप्टर तोलत बसलो आणि तिने जॉयस्टिक हातात घेतल्या. जॉयस्टिक हे नुसतं नाव, ती चपटी पट्टीच होती, डावीकडे अधिकचं चिन्ह आणि उजवीकडे दोन लाल बटणं. तिने प्रत्येक बटण डोळे मिटून दाबलं. एकदा नाही, वीसवीस वेळा.

दुकानदार कळवळला. आमच्याकडे लहान मुलीला पाप्पा म्हणतात. "सार, पाप्पाला सांगा, विकायच्या आधीच झिजवतेय!"

"याचं डावं बटण वर यायला उशीर करतं," ती डोळे न उघडता म्हणाली. "दुसरं द्या."

चार पट्ट्या तिने नाकारल्या. शेवटी एका खोक्यातली एक आणि दुसऱ्या खोक्यातली एक अशी जोडी जमवली. बायको म्हणाली, "अशी भाजी निवडलीस तर बरं होईल गं."

"दोन कशाला पण?" मी विचारलं. "खेळणारी तू एकटी."

"एक आईला."

बायकोने आधी नाक मुरडलं. महिन्याभरात मात्र दुपारची भांडी झाली की ती पदर खोचून टीव्हीसमोर बसू लागली, आणि मुलीला हरवूही लागली. त्या दोन जॉयस्टिक पुढे सहासात वर्षं टिकल्या. गल्लीतल्या इतर घरांत त्या वर्षावर्षाला बदलाव्या लागत. ही जाण माझ्या हातांत नव्हती. मी वजन बघत होतो, वस्तू काय करते ते ती बघत होती. तेव्हाच हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी ते कधी तिला बोलून दाखवलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ती बीएस्सीला होती, फिजिक्सच घेऊन. घरात संगणक आला होता, आणि आता मोडेम हवा होता. संगणकाच्या पोटात बसणारा घ्यायचा की बाहेर ठेवायचा, यावर आमचा आठवडाभर वाद चालला. पोटातला स्वस्त. ती म्हणाली, "बाहेरचाच घेऊ आप्पा. समोर दिवे असतात. कुठे अडलं ते कळतं." तिचं ऐकलं, बाहेरचा घेतला. फोनची वायर त्यात घालायची, तंजावरचा नंबर फिरवायचा, मग शिट्ट्या, खरखर, आणि एकेक दिवा लागत जायचा.

त्याच्यासोबत आलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या पिना बारीक होत्या, आमच्या भिंतीतल्या भोकात डुगडुगत. मी म्हटलं, जड बघून दुसरा घेऊ. दुकानात सगळ्यांत जड तोच निघाला जो व्हिडिओ गेमसाठी घेतला होता. फक्त गेमच्या पिनेत आतल्या बाजूला ऋण लागे आणि मोडेमला धन. दुकानदाराने डाख देऊन वायरी उलट जोडून दिल्या आणि कागदी लेबलवर बॉलपेनने अधिकचं चिन्ह काढलं. मी खूश होऊन घरी आलो.

तिने दोन्ही ठोकळे शेजारी ठेवले. "आप्पा, हे जुळे आहेत. चुकेल कधीतरी."

"पेनाने लिहिलंय की."

"पेन पुसलं जातं."

दारासुरमला तिची एक मैत्रीण होती, घरात रेशमाचे माग. तिच्याकडून उरल्यासुरल्या दोऱ्यांच्या लडी येत. त्यातला हिरवा तिने मोडेमच्या वायरीला बांधला, तांबडा गेमच्या. मी म्हटलं, "लॅबमध्ये असले दोरे चालत नाहीत." पण राहू दिले.

बीएस्सीनंतर मद्रासेला जाऊन संगणकाचं पुढचं शिक्षण घ्यायचं, हे तिने मनाशी धरलं होतं. राहणार थोरल्या बंधूंच्या घरी. ते नवरात्रात आमच्याकडे आले, तेव्हा सगळं त्यांच्या एका होकारावर आलं होतं. ते म्हणाले, "बघू तरी, मुलीला यंत्राची किती जाण आहे. विजयादशमीला माझ्यासमोर ते तुमचं इंटरनेट लावून दाखवू दे तिला."

नवमीला आमच्याकडे आयुधपूजा असते. वह्या, पुस्तकं, बायकोची शिवणाची कात्री, माझा मल्टीमीटर, सगळं नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांसमोर पाटावर मांडायचं, चंदनकुंकू लावायचं, आणि दशमीच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मांडणी माझ्याकडे असे. त्या वर्षी पाटावर मोडेम होता, जॉयस्टिक होत्या, दोन्ही अ‍ॅडॉप्टर होते. माझ्या आईचा एक नियम होता: गाठ मारलेलं काही देवीसमोर ठेवायचं नाही, विद्येला गाठ बसते. म्हणून मी ते दोन्ही दोरे सोडले, ठोकळे ओल्या फडक्याने पुसले आणि लेबलांवर चंदनाचा जाड टिळा लावून वर कुंकू टेकवलं. मुलगी तेव्हा आईबरोबर स्वयंपाकघरात सुंडलसाठी, प्रसादाच्या उसळीसाठी, नारळ खवत होती. दोरे मी खिशात ठेवले.

दशमीला सकाळी पूजा झाली, पाट हलवला. बंधू कॉफीचा डवरा हातात घेऊन खुर्चीत बसले होते. "चला, काय ते दाखवा." मी घाईने खिशातून दोरे काढले आणि परत बांधले. कुठला कशाला, हे मला आठवतं असं मला वाटलं. चंदन खरवडून लेबल बघावं, हे मनात आलं नाही. वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो होतो, जोडण्याआधी दोनदा बघा. मी एकदाही बघितलं नाही.

तिने आपला हिरवा दोरा बघितला आणि विश्वासाने वायर मोडेममध्ये खोचली.

सगळे दिवे एकदम लागले आणि विझले. मग तो वास आला. जळक्या मेणासारखा, थोडा गोड. लॅबमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला तो वास म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मी खाली वाकून दोन्ही ठोकळ्यांवरचं चंदन पुसलं. पेनाची खूण कालच्या फडक्याने गेलीच होती, तांबड्या दोऱ्याच्या ठोकळ्यावर नुसता निळा डाग उरला होता. मी मल्टीमीटर लावला. हिरव्या दोऱ्याच्या वायरीत आतल्या बाजूला ऋण होतं.

"काय झालं?" बंधूंनी विचारलं.

"गेमचा अ‍ॅडॉप्टर लागला मोडेमला," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

"हिरवा दोरा कशाचा गं?"

"मोडेमचा," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मीच बांधला होता. नीट बघून बांधला होता..."

"नीट बघून?" बंधू हसले. "अगं, घरचा मोडेम जाळलास, मद्रासेत येऊन काय काय जाळशील? माझं घर विटांचं आहे, पण दारं लाकडाची आहेत हो!"

तिने माझ्याकडे बघितलं. एकच वाक्य बोलायचं होतं: दोरे मी सोडले होते. बंधू माझ्याकडे बघत होते, तोंडावर तेच, नळ्या धुण्याचं हसू. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं, दोऱ्याबिऱ्यांवर भरवसा ठेवायचा नाही."

मोडेम जळणं ही चूक होती. हे वाक्य मात्र मी जाणूनबुजून बोललो.

बंधूंनी नकार दिला नाही. "बघू पुढच्या वर्षी" म्हणाले. नकार तिनेच दिला. परीक्षा झाल्यावर म्हणाली, "नको आप्पा, मी बीएड करते." मी "तुझी मर्जी" म्हणालो. ती गणिताची शिक्षिका झाली, चांगली झाली. लग्न होऊन तंजावरला गेली. विनोद मात्र तिच्या आधीच सगळीकडे पोचला होता. बंधूंनी तो इतक्यांदा, इतका रंगवून सांगितला, की शेवटी मोडेममधून ज्वाळाही निघू लागल्या. ते गेले तेव्हा खरं न कळताच गेले. त्यांना सांगायचं राहिलं, ते आता राहिलंच.

गेल्या वर्षी तिच्या शाळेत संगणकाची लॅब नव्याने उभी राहिली. मुख्याध्यापिकांनी ती तिला सांभाळायला सांगितली. दुसऱ्यांदा सांगत होत्या. फोनवर मला म्हणाली, "मी नाही म्हटलं. माझ्या हाताला यंत्र लाभत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे." सहज बोलली, आपला रक्तगट सांगावा तसं.

नवरात्रात ती आली तेव्हा, नवमीची मांडणी करायच्या आधी, मी तिला आणि बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. आईचा नियम, खिशातले दोरे, सगळं. सांगताना मी पाटाकडे बघत होतो.

तिने हळू विचारलं, "म्हणजे मी बरोबर बांधला होता?"

"हो."

"हिरवा मोडेमलाच होता."

"हो."

"आप्पा, मी आजही घराला कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत येते, लावलंय का बघायला." तिचा आवाज चढला. "मुलांचे पेपर तीनतीनदा तपासते. मला वाटायचं मी नीट बघितलं तरी माझं चुकतं!"

बायको माझ्यावर उखडली. "आणि मी तिच्याशी खेळून बघितलं होतं ना! जिचं बटण कधी चुकलं नाही ती वायर चुकेल? मला तेव्हाच विचारायचं होतं तुम्हाला. अहो, निदान मला तरी सांगायचं!"

मुलगी उठली. "ते खोकं कुठंय?"

माळ्यावर होतं. मोडेम, दोन्ही जॉयस्टिक, दोन्ही ठोकळे. दोरे अजून बांधलेले, रंग विटलेले. गाठी माझ्या होत्या, लॅबमधल्या दुहेरी. तिने नखाने त्या सोडवायला सुरुवात केली. मी कात्री पुढे केली तर म्हणाली, "असू दे." पाच मिनिटं लागली. मग हिरवा जिथे असायला हवा तिथे बांधला, तांबडा तिथे. आणि दोन्ही ठोकळे तसेच, दोऱ्यांसकट, पाटावर देवीसमोर ठेवले. आईच्या नियमाचा विषय मी काढला नाही.

दशमीला ती माझ्याशी फारसं न बोलता परत गेली. तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी आला. "लॅबची किल्ली घेतली," एवढंच म्हणाली, आणि पुढे विचारलं, "एका बोर्डावर चारच प्लग आहेत, मशीन सहा. काय करू?"

मी काही सांगायच्या आत तिनेच सांगितलं काय करणार आहे ते. बरोबर होतं.

हे लिहितो आहे म्हणून तिला कळवलं. म्हटलं, आपल्या लोकांना वाचू दे, तो विनोद बंद होऊ दे. ती म्हणाली, "लिहा. माझं नाव घालू नका. आणि मी तुम्हाला माफ केलं, असं शेवटी लिहू नका. ते अजून ठरायचंय."

तसं लिहीत नाही. पण सोमवारी तिने मला लॅब बघायला बोलावलं आहे. अट एकच, कशालाही हात लावायचा नाही. सकाळची तंजावरची बस मी विचारून ठेवली आहे.