उतरलोच नाही त्या बेटावर

माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीने भुताखेताचा विषय काढला, की मी तिला फळ्यापाशी बोलावते आणि एक समीकरण सोडवायला लावते. ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते मी. घरात लिंबू-मिरची टांगत नाही, दृष्ट काढत नाही. हे आधी सांगायचं कारण म्हणजे, पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्या कुणी मला सांगितलं असतं तर मी हसून चहा टाकायला उठले असते.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला, हर्सूलच्या बाजूला राहतो. नवरा निलेश चितेगावला एका कारखान्यात आहे. मुलगी सई सात वर्षांची, मुलगा ओजस तीन वर्षांचा. आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. बिडकीनजवळच्या गावात त्यांचं सगळं आयुष्य शेतात गेलं, आता आमच्याकडे असतात.

क्रूझ कशी ठरली, तेही सांगायला हवं. आदल्या उन्हाळ्यात दौलताबाद रोडच्या एका फार्महाऊसवर वाढदिवसाला गेलो होतो. तिथे सई पूलमध्ये घसरून पडली. लगेच बाहेर काढलं, इजा काही नाही. पण तेव्हापासून पोरगी पाण्याला घाबरली ती घाबरलीच. पूल, तलाव सोडा... डोक्यावर तांब्याभर पाणी ओतू द्यायची नाही. केस धुवायचे म्हणजे घरात रडारड. कानाला थेंब लागला तरी किंचाळायची. शेवटी मी ओल्या फडक्याने तिचं डोकं पुसून काढायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, जबरदस्ती करू नका, पण पाणी तिच्यापासून लपवूही नका.

अशात निलेशच्या डोक्यात क्रूझचं खूळ शिरलं. मी साफ नाही म्हटलं. "पाण्याला घाबरणारं लेकरू घेऊन समुद्रात? वेडा आहेस का?"

तो म्हणाला, "तिलाच विचारू."

सईने फोनवरचे फोटो लक्षपूर्वक बघितले. मग एकच प्रश्न विचारला. "जहाजावर पाण्यात उतरावं लागतं का?"

"नाही."

"मग चालेल."

झालं. मग आमची शोधाशोध सुरू झाली. एक ट्रिप होती मुंबई-गोवा, पण तिच्यात नुसता डीजेचा धिंगाणा. माझी एक मैत्रीण दोन लहान मुलांना घेऊन जाऊन आलेली. ती म्हणाली, "लहान पोरांना घेऊन पळापळीची ट्रिप घेऊच नकोस. एखादा अख्खा दिवस नुसता समुद्रात असेल अशी घे. मुलं जहाजातच रमतात. आणि खोली मधोमध, खालच्या मजल्यावरची मागून घे, तिथे कमी हलतं." बाल्कनीच्या खोलीवरून आमचं भांडण झालं. निलेशला बाल्कनी हवी होती, पण ओजस दिसेल त्या गोष्टीवर चढतो. शेवटी न उघडणाऱ्या गोल काचेच्या खिडकीवर तडजोड झाली. मुंबईहून निघून लक्षद्वीपच्या एका बेटावर उतरायचं आणि परत यायचं. आमची एक खोली, शेजारची आईंची. आईंचा प्रश्न वेगळाच होता — "तिथं भाकरी भेटंल का?" नाही म्हटल्यावर त्यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खारीचा पुडा बॅगेत भरला.

खरं सांगते, त्या जहाजावर मिळालं इतकं सुख मी कित्येक वर्षांत अनुभवलं नव्हतं. स्वयंपाक नाही, डबे नाहीत. मुलांसाठी एक मोठी खोली होती, तिथे ओजस रंगीत चेंडूंच्या ढिगात लोळायचा. सई चेहऱ्यावर मांजर रंगवून घ्यायची. आई डेकवर खुर्ची टाकून पदर घट्ट आवळून बसायच्या. पहिल्या दिवशी चारी बाजूंनी पाणी बघून म्हणाल्या, "एवढं पाणी... आन् आमच्या गावाला टँकर!" सई मात्र डेकवरच्या पूलकडे पाठ करून चालायची.

बेटाच्या दिवशी सकाळी सगळे टोप्या-चपला घालून तयार होतो. जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटींतून काठावर नेतात. पण लाटा जास्त होत्या. दहाच्या सुमारास घोषणा झाली, की बोटी सोडता येणार नाहीत, उतरणं रद्द. लोक चिडले. ओजस जमिनीवर आडवा पडून रडला. आम्हाला त्या बेटाची फक्त एक रेघ दिसली. नारळांची बारीक, हिरवी रेघ आणि तिच्याखाली उजळ निळा पट्टा. बस, एवढंच.

जेवून खोलीत आलो. आई म्हणाल्या, मला झोप नाय, मी वर बसते. आम्ही चौघं दोन पलंग जोडून आडवे झालो. जहाज पाळण्यासारखं डुलत होतं. खिडकीतून आलेला पाण्याचा कवडसा छतावर हलत होता. सई तो बघत होती. ओजसचा पाय माझ्या पोटावर. मला वाटतं, आधी निलेश घोरायला लागला...

आणि मग मी गुडघाभर पाण्यात उभी होते.

स्वप्नात असतं तसं धूसर नाही. अगदी लख्ख. पाणी कोमट, इतकं स्वच्छ की माझ्या पायाची नखं दिसत होती. मला चष्म्याशिवाय चार हातांवरचं वाचता येत नाही, आणि तिथे चष्मा नसताना मला लांबच्या नारळाची झावळी न झावळी वेगळी दिसत होती. काठावर एक बाई बसली होती. वयस्क, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. पाण्यातून काळपट काहीतरी काढून ती लाकडी दांडक्याने बडवत होती. ठक... ठक... ठक. घाई कसली ती नाही.

मग तिने दांडकं ठेवलं, पाण्यात आली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सईच्या पाठीखाली तळवा धरला. ती कोणत्या भाषेत बोलली मला आठवत नाही, पण मला शब्द न शब्द समजला. म्हणाली, "कान बुडव. पाणी काय म्हणतंय ते ऐक."

माझ्या सईने, जी थेंबाला किंचाळते, तिने कान बुडवले. केस पसरले. ती पाण्यावर आडवी झाली, आणि बाईने हात काढून घेतला. मी पुढे धावायला हवं होतं. पण मला भीतीच वाटत नव्हती. ऊन होतं, चटका नव्हता. ओजस ओल्या वाळूत बसून शंखात राहणाऱ्या छोट्या खेकड्याशी गप्पा मारत होता. किती वेळ गेला, माहीत नाही. ते संपावं असं वाटत नव्हतं, एवढं मात्र माहीत आहे.

जागी झाले ती सईच्या आवाजाने.

"आई, माझ्या कानात पाणी गेलंय."

ती पलंगावर बसून, मान वाकडी करून कानावर थापट्या मारत होती. रडत नव्हती. मी काही बोलायच्या आत ओजस उठला. त्याने उशी उचलून खाली बघितलं, चादर झटकली. "माझा खेकडा कुठंय?"

निलेश जागा होता. पांढरा पडला होता. मी त्याला काहीच सांगितलं नाही. प्रयोग शिकवण्याचा धंदा माझा, पुरावा कसा बिघडतो ते मला कळतं. त्याला हाताला धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं आणि विचारलं, "तुला काय दिसलं?"

"मी झाडाला टेकून झोपलो होतो," तो म्हणाला. "त्या ठकठकीने डोळे उघडले. तू पाण्यात उभी होतीस, माझ्याकडे पाठ करून."

"कसली ठकठक?"

"एक म्हातारी काहीतरी बडवत होती. मृणाल... तू पण तिथे होतीस ना?"

म्हणजे आम्हाला नुसतं एकसारखं स्वप्न पडलं नव्हतं. तीच जागा आम्ही आपापल्या कोपऱ्यातून बघितली होती. पुढे एकदा माहितीपट बघताना कळलं, की तिकडे नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड साल, पाण्यात भिजवून, बडवून त्यांचा काथ्या काढतात. तेव्हा आम्हा दोघांनाही त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

आत येऊन मी मुलांना तपासलं. पाय कोरडे. वाळूचा कण नाही. सईचे केस कोरडे. गालाचा पापा घेतला तर खारट लागला... पण जहाजावर सगळंच खारट असतं, त्यामुळे तो पुरावा मी धरत नाही.

चहाच्या वेळी वर गेलो. सई आपण होऊन पूलपाशी थांबली. "आई, मी उतरू?"

तिच्याकडे पोहायचे कपडेही नव्हते. फ्रॉकवरच उतरली. निलेश बाजूला उभा, हात पुढे करून. तिने त्याला म्हटलं, "बाबा, धरू नका." मग मान मागे टाकली, कान बुडवले आणि आडवी झाली. डोळे मिटलेले, ओठ जरा उघडे. सूर्य मावळतीला आलेला, सगळं पाणी केशरी. मी काठावर बसून ढसाढसा रडले. शेजारी आई उभ्या होत्या, ओजसला घट्ट कवटाळून. तो वळवळत होता, तरी सोडत नव्हत्या. मला वाटलं, पाण्याच्या धास्तीने.

परत आल्यावर डॉक्टर मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, दिवसभर बेट-बेट चाललं होतं तुमचं, एकाने सुरुवात केली की बाकीचे नकळत भर घालतात. मला ते पटत आलं होतं. खरंच. निलेश त्यावर बोलायचंच टाळायचा. सई आता रविवारी डोकं धुताना गाणी म्हणते. मीही विषय मनातून काढून टाकायच्या बेतात होते.

मग एका दुपारी मी आणि आई मेथी निवडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "आई, त्या दिवशी डेकवर तुम्ही ओजसला सोडतच नव्हता. एवढ्या घाबरला होता का?"

त्यांचे हात थांबले.

"तुला आता सांगते. त्या दुपारी मी खाली आले व्हते. म्हणलं, पोरं उठली असतील, खारी द्यावी. तुमच्या खोलीचं कार्ड माझ्याकडं व्हतंच. दार उघडलं... आत कोणीच नाय."

"आम्ही झोपलो होतो आई."

"ऐक तर. चपला खाली, चारी जोड. तुझा चष्मा टेबलावर. दोघांचे फोन तिथंच. मी बाथरूम बघितलं, कपाट बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं. चादरीवर हात ठेवला, तर गरम व्हती. आत्ता उठून गेल्यावानी."

मी मेथीची जुडी बाजूला सारली.

"मग काउंटरवर गेले. त्या पोरीला म्हणलं, बेटा, मेरे बच्चे कमरे में नहीं है. ती बिचारी माझ्यासंगं आली. दार उघडलं, तर तुम्ही चौघं गाढ झोपलेले! ती पोरगी हसली. म्हणली, माताजी, दुसरा कमरा देखा होगा. आता दुसऱ्याच्या खोलीला माझं कार्ड लागंल का? आन् तुझा चष्मा मला वळखू येत नाय का?"

"पण तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगून काय करणार व्हते? त्याच जहाजातून परत यायचं व्हतं ना."

आईंना खोटं बोलताना मी कधी बघितलेलं नाही. स्वप्नाविषयी आम्ही त्यांना काही बोललोही नव्हतो. त्यांना फक्त सई पूलमध्ये तरंगताना दिसली होती. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. बेट, ऊन, ती बाई. शेवटी त्यांनी फक्त विचारलं, "सईला नीट धरलं व्हतं ना तिनं?"

"हो. आणि मग सोडलं."

"चांगली व्हती म्हणायची," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

मी अनेक बाजूंनी विचार केला आहे. त्यांनी दुसरी खोली बघितली असेल. नंतर कधीतरी त्यांच्या मनाने ते रचलं असेल. पण मग गरम चादर, माझा चष्मा, निलेशची म्हातारी, सईचे कान — यातलं एक कुठेतरी बसवलं की दुसरं निसटतं. मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

तेव्हापासून रविवारी जेवून आम्ही चौघं आडवे झालो, की आई खुर्ची ओढून बेडरूमच्या दारात बसतात. मांडीवर सुपात शेंगा, हात चालू, डोळे आमच्यावर. म्हणतात, "झोपा तुम्ही. मी हाय."

परवा मी अर्धवट झोपेत त्यांना विचारलं, "आई, राखण करताय का आमची? आम्ही परत कुठे जाऊ म्हणून?"

त्यांनी एक शेंग फोडली.

"राखण कशाची गं," त्या म्हणाल्या. "जायचंच असलं तर खुशाल जा. पण या बारीला मला हाक मारा. मागच्या बारीला मला एकटीला सोडून गेलात."