कोटांमधली नऊ गाणी

गिऱ्हाइकांच्या जुन्या पावत्यांमागे ओळी लिहायची. गाताना चपला काढून ठेवायची. गिटार हातात घेतली की आधी तिला "काय म्हणतेस?" विचारायची. स्वतःचं गाणं ऐकताना भिंतीकडे तोंड करून बसायची. खोकला आला की आधी रेकॉर्डिंग थांबवायची, मग खोकायची.

अंगकाठीवरून आम्ही मैत्रिणी तिला सुतळी म्हणायचो. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ती सहा वर्षं इस्त्री करत होती. संध्याकाळी हॉटेलात दुसऱ्यांची गाणी गायची. त्याचा तिला वीट आला होता. स्वतः लिहिलेल्या, स्वतः चाल लावलेल्या नऊ गाण्यांचा अल्बम, एवढंच तिला हवं होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत लोक न्यायला विसरलेले कोट दाटीने टांगलेले असत. त्यांच्यामध्ये उभं राहिलं की आवाज घुमत नसे. मालकाने तिला रेकॉर्डिंगसाठी रविवारची किल्ली दिली.

"फक्त तो पंखा बंद करायचा नाही," तो म्हणाला. "बाकी काय गोंधळ घालायचा तो घाल."

त्याच खोलीत कपडे धुवायचं मशीन होतं, त्यातलं औषध उग्र होतं. त्याची वाफ तो पंखा बाहेर टाकायचा.

"माणसं ऐकेनात म्हणून कोटांना धरलंस का गं?" तिचा दादा चिडवायचा.

"कोट मध्येच उठून जात नाहीत, दादा. तुझ्यासारखे."

आठ गाणी झाली. तिने मला ऐकवली.

"डिग्रीवाले, शब्द कुठे अडतात का ते सांग. नाहीतर तुझं शिक्षण काय चाटायचंय?"

शब्द कुठेच अडत नव्हते. मी म्हणाले, "मागे घरघर येते."

ती भिंतीकडेच बघत होती. "पंख्याची," ती म्हणाली. "नववं फार हळू आहे. त्यात तर जास्तच येईल."

त्या आठवड्यात मशीन गळत होतं. मेकॅनिक सोमवारी येणार होता. तिला ते माहीत होतं. एका गाण्यापुरता प्रश्न आहे, असं तिला वाटलं असावं.

रविवारी दुपारी दादा डबा घेऊन गेला. चपला दाराबाहेर होत्या. हाक मारली, ओ नाही. दार ढकललं तर जड लागलं. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून तिने फटीत टॉवेल कोंबला होता. ती कोटांखाली पडली होती. पंखा बंद होता.

तेराव्या दिवशी दादाने तिचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "तुला कळतं यातलं. बघ काय करता येतं."

मी नववं गाणं लावलं. घरघर नाही. पहिलं कडवं. दुसरं कडवं. तिसऱ्याची पहिली ओळ, आणि रेकॉर्डिंग संपतं. तिनेच थांबवलं होतं.

गिटारच्या पेटीत पावती सापडली. पावतीमागे तिसरं कडवं आहे. चार ओळी. तिने एक गायली.