पंगतकाका

पंगतकाका सिनेमात फक्त जेवणं बघायचे. शंभर वर्षांपूर्वीचा एखादा अमेरिकन मूकपट लावायचा आणि रिमोट हातात घेऊन नुसता पुढे पळवत सुटायचं. आगगाडीवर दरोडा पडतोय, पुढे. नायक-नायिका जवळ आलेत, पुढे. कुठे टेबल मांडलेलं दिसलं, तंबूत थाळ्या आल्या, की काका खुर्चीच्या कडेवर येऊन बसायचे. "थांबा, वाढलं बघा." मग तेवढा तुकडा मागेपुढे करत पुन्हा पुन्हा बघायचा. थाळीत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते हात बघायचे. पंगतकाका हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं आणि सांता क्लारातल्या आमच्या ओळखीच्या मराठी लोकांत तेच रूढ झालं.

ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. चिप बनवणाऱ्या कंपनीतून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, मूळचे मिरजेचे. त्यांच्या आजोबांचा धाकटा भाऊ दत्तू शेतकीचं शिकायला म्हणून बोटीने कॅलिफोर्नियात आला होता. पैसे संपल्यावर त्याने फळबागांत मजुरी केली, आणि पुढे सावळा चेहरा आणि लांब दाढी बघून त्याला सिनेमात काम मिळालं. घरी त्याचा एकच फोटो पोचला. अंगात अरबी झगा, झग्याला रुंद काळे पट्टे, डाव्या खांद्यावर ठिगळ. मागे लिहिलं होतं, "सिनेमात काम करतो. खुशाल आहे." तो फोटो बघून मिरजेच्या घराने ठरवलं की पोरगा बाटला. तो जिवंत असताना त्याचं श्राद्ध घातलं.

"आमच्या लोकांनी त्याच्या नावाने पिंड ठेवले तेव्हा तो इथे कुठल्यातरी तंबूत बसून खोटं खोटं कोंबडं खात असणार," काका म्हणायचे. "मला तो एकदा जेवताना बघायचाय. बस. बाकी काही नको."

हात बघायचे ते त्यासाठी. दत्तूआजोबांची एकच सवय घराच्या आठवणीत राहिली होती. शाळेच्या सहलीत कागदावर फरसाण दिलं तरी आधी त्याभोवती पाणी फिरवायचं, चार कण बाजूला ठेवायचे आणि मगच तोंडात घालायचं. त्याशिवाय घास उतरत नसे म्हणे. दाढीमिशा, पगड्या आणि रंग यांच्याखाली चेहरा काय ओळखणार? पण एवढ्या गोऱ्या नटांच्या पंगतीत ताटाभोवती पाणी फिरवणारा हात दुसऱ्या कोणाचा असणार नव्हता. काका स्वतः मात्र कधी पाणी फिरवत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी कशाला? मी देव मानत नाही. मला फक्त तो सापडायला हवाय."

दत्तूआजोबांच्या कामांबद्दल त्यांना थोडंफार कळलं होतं ते जुन्या सिनेमासिकांतून. शेख, मेक्सिकन डाकू, चिनी आचारी, रेड इंडियन म्हातारा, रशियन पाद्री. "हिंदू सोडून सगळं झाला. हिंदू साधूचं काम निघालं, तर ते तोंडाला काळं फासून एका गोऱ्याने केलं." स्टुडिओत कोणाला दत्तू म्हणता येईना, म्हणून त्याचं झालं डच. त्या काळात डच नावाचे नट, घोडेवाले, सुतार गल्लोगल्ली होते. त्यामुळे नावावरून शोधणंही संपलं. पडद्यावर तर त्याचं नाव कधी आलंच नाही.

"हिरोकडे बघायला पब्लिक आहे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "आपण कडेला बघायचं." लोकांच्या घरी गेल्यावरही ते असेच. वाढदिवस ज्याचा त्याच्याकडे लक्ष नाही, कोपऱ्यात कोण उभं आहे ते बघणार आणि त्याच्याशी बोलायला जाणार. याचा काकूंना राग यायचा. "माझ्या ताटात मीठ कमी पडलंय ते कधी दिसलं नाही यांना," त्या मला म्हणायच्या, "आणि मेलेल्यांच्या ताटांवर पहारा." काकू गेल्या त्या वर्षी काकांनी सिनेमे बंद केले. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू केले.

त्यांचं ड्रायव्हिंग सुटल्यावर मी त्यांना घेऊन जायचे. जवळच्या गावात एक जुनं थिएटर आहे, तिथे पियानोच्या साथीने मूकपट दाखवतात. एकदा तिथे वाळवंटातली मेजवानी सुरू झाली आणि काका अंधारात उभे राहून मराठीत ओरडले, "थांबवा! तो बघा, फिरवतोय!" पियानोवाल्या बाईंनी वाजवणं थांबवलं, सिनेमा काही थांबला नाही. माझी मुलगी शेजारी बसली होती. ती त्यांचा शर्ट ओढत म्हणाली, "काका, दॅट्स जस्ट सॉल्ट." काका बसले. गाडीतून उतरताना म्हणाले, "मीठ टाकत होता मेला."

बहुतेक सिनेमे उरलेच नाहीत, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. त्या काळची फिल्म भक्कन पेट घ्यायची. काही जळल्या, काही त्यांतली चांदी काढायला वितळवल्या, उरलेल्या डब्यांत सडल्या. तरी जिथे जिथे जुन्या फिल्म जपतात तिथे काका तो झग्यातला फोटो पाठवत राहिले. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. स्क्रीनवर जे असायला हवं आणि नाही, ते शोधायचा मला पगार मिळतो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "काका, हे मिळणार नाही." ते म्हणाले, "माहितीये. तू चहा टाक."

मग त्यांचे डोळे गेले. दृष्टीचा मधला भाग गेला, कडेचं तेवढं धूसर दिसायचं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा मी बरोबर होते. काका हसले. "आता मला फक्त कडाच दिसणार. धंद्याला बरं." पण ते खरं नव्हतं. त्या कडेने त्यांना दार दिसायचं, माणूस आला-गेला कळायचा. हात दिसत नसत.

आणि त्यानंतर, काकांच्या हृदयाने जवळजवळ काम थांबवलेलं असताना, एका फिल्म संग्रहातल्या मुलीचं उत्तर आलं. तिच्याकडे एका हरवलेल्या सिनेमाचा एकच तुकडा होता आणि त्यात तो झगा होता. तेच पट्टे, तेच ठिगळ. हॉस्पिटलने काकांना घरी सोडलेलं होतं. आता उपचार करायचे नाहीत, त्रास कमी करायचा, एवढंच ठरलं होतं. दुसऱ्या राज्यातल्या चँडलरहून त्यांची मुलगी नेहा येऊन राहिली होती. मी लॅपटॉप घेऊन पलंगाशी बसले. बघायचं मी, सांगायचं मी.

"तंबू आहे. माणसं गालिच्यावर बसलीत. कडेला दाढीवाला, पट्ट्यांचा झगा."

"तोच," काका म्हणाले. "पंगत बसलीय?"

"बसलीय. थाळ्या आल्या. बाकीचे तुटून पडलेत."

"आणि तो?"

"तो थांबलाय. खाली बघतोय. वाटी जवळ ओढली."

"पाण्याची?"

"कळत नाही. उजवा हात पुढे केला."

"मग?"

"मग हिरो आला. नुसता चेहरा, पडदाभर."

"अरे, बाजूला हो ना!" काका त्या हिरोला म्हणाले. मग मला, "पुढे?"

"अजून हिरोच आहे. आता परत तंबू. थाळी रिकामी आहे. दाढी पुसतोय. संपलं."

काकांनी मान माझ्याकडे वळवली. "थाळीभोवती बघ. गालिचा ओला दिसतोय?"

मी तो तुकडा थांबवला, मोठा केला. राखाडी ठिपके होते नुसते. पलंगाच्या पलीकडून नेहा माझ्याकडे बघून मान हलवत होती. हो म्हण, हो म्हण.

"दिसत नाही काका," मी म्हणाले. "ओला असेल, नसेल. फिल्म खराब झालीय."

"जेवताना दिसला का?"

"नाही. जेवून झालेला दिसला."

"बंद कर," काका म्हणाले. "तुझंही जेवण राहिलं असेल."

नेहा स्वयंपाकघरात माझ्यावर चिडली. "ताई, एक यस म्हणायचं होतं. व्हॉट डज इट कॉस्ट यू?" मी तिला सांगितलं, की मी हो म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हात कोणत्या बाजूने फिरला, शितं कुठे ठेवली. मी अजून दोन खोटी उत्तरं दिली असती आणि तिसऱ्याला त्यांनी मला पकडलं असतं. मग त्यांच्याकडे तेवढी ओढलेली वाटीही उरली नसती. नेहाला ते पटलं नाही. मलाही तिला पटवायचं नव्हतं. मी सिंकमधली भांडी घासली आणि घरी गेले.

काकांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितलं नाही. सिनेमाचा विषयही काढला नाही. रोज संध्याकाळी मी गेले की विचारायचे, "आज काय केलं होतंस जेवायला?" मी सांगायचे. ते ऐकून घ्यायचे. त्यांना स्वतःला तोवर दोन चमच्यांवर काही जात नव्हतं.

ते गेले. तेराव्या दिवशी नेहाने सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना जेवायला बोलावलं. केटररने अॅल्युमिनियमचे ट्रे लावले होते, कप्पे असलेल्या कागदी थाळ्या होत्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या होत्या. एका टोकाला काकांचा फोटो आणि हार. लोक फोटोपाशी थांबून पुढे थाळी घ्यायला जात होते. मी कडेला भिंतीशी उभी राहिले आणि हात बघू लागले. बाटल्यांची झाकणं उघडल्याचे आवाज येत होते. म्हातारी माणसंही होती, मिरजेकडची दोघं होती. मी सगळी पंगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली.

कोणी पाणी फिरवलं नाही. मग मीही थाळी घेतली आणि जेवले.