समोरच्या घराचा पंच

आमच्या गल्लीतल्या मावशीचा हात तिच्या पुतण्याने काठीने मोडला. मी सरकारी नोकर आणि पुतण्याच्या समोरच राहणारा, म्हणून पोलिसांनी मला काठीच्या जप्तीचा साक्षीदार, म्हणजे पंच केलं. पण मी उन्हाचा कंटाळा केला. ‘काठी माझ्यासमक्ष त्याच्या घरातून जप्त केली’ या कागदावर आमच्या ओट्यावर बसूनच बेशरमासारखी सही ठोकली.

पुढे जालन्याच्या कोर्टात पुतण्याच्या वकिलाने विचारलं, “जप्तीच्या वेळी तुम्ही हजर होता?” शपथेवर खोटं बोलायची हिंमत झाली नाही. “न्हाई,” म्हणालो.

काठीची जप्तीच खोटी ठरली आणि पुतण्या सुटला. गल्लीत येताच त्याने माझे पाय धरले.

मावशी वाकडा हात पदराखाली घेऊन म्हणाली, “खरं बोललास, बराबर केलं. पण त्या दिवशी गल्ली ओलांडायला काय झाल्तं रे तुला?”